एका शुक्राणूपुरता इलाज

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी जो अडथळा ओलांडला होता तो स्त्रीच्या शरीरातला होता. लुईसच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या; त्यामुळे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची शरीरात होऊ न शकणारी भेट प्रयोगशाळेतील बशीत घडवून आणणे आणि तयार झालेले भ्रूण गर्भाशयात सोडणे एवढ्याने तिथला प्रश्न सुटत होता. या पद्धतीत पतीचे वीर्य निर्दोष असणे गृहीतच धरले होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर अशी केंद्रे निघाली आणि त्यांच्या दारात येणाऱ्या जोडप्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत दोष पुरुषाकडेच आहे हे दिसू लागले, तेव्हा या गृहीतकाची मर्यादा उघड झाली. बशीत स्त्रीबीजे निरोगी असत, शुक्राणूही सोडलेले असत, पण दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर फलन झालेलेच नसे.

याचे कारण फलनाच्या नैसर्गिक रचनेतच आहे. स्त्रीबीज मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असले तरी त्याचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शुक्राणूला तीन थर पार करावे लागतात: बाहेर चिकट द्रवात गुंतलेल्या लहान पेशींचा थर, त्याच्या आत प्रथिनांचे जाड पारदर्शक कवच आणि सर्वांत आत स्त्रीबीजाचे स्वतःचे नाजूक आवरण. शुक्राणूच्या डोक्यावर विकरांनी भरलेली एक पिशवी असते. ती योग्य वेळी फुटणे, शेपटीला कवच भेदण्याएवढा जोर असणे आणि डोके त्या आतल्या आवरणाशी एकरूप होणे, या सर्व गोष्टी जुळून आल्या तरच एखादा शुक्राणू आत शिरतो. एखादाच यशस्वी व्हावा म्हणून पुष्कळांनी निघावे लागते, आणि म्हणूनच बशीतील फलनातही प्रत्येक स्त्रीबीजामागे साधारण ५० हजार ते १ लाख चपळ शुक्राणू सोडण्याची प्रथा होती. ज्या पुरुषाच्या दर मिलिलिटर वीर्यात ५० लाखांहूनही कमी शुक्राणू असत, किंवा जे असत ते जागच्या जागी वळवळणारे आणि बेढब डोक्यांचे असत, त्याला हा हिशेब परवडणारा नव्हता. वीर्यात एकही शुक्राणू न आढळणारे पुरुष तर या हिशेबाच्या बाहेरच होते, आणि त्यांचे प्रमाण एकूण पुरुषांत सुमारे एक टक्का आहे.

अशा पुरुषांसाठी तोवर वैद्यकाकडे फारसे काही नव्हते. संप्रेरकांची इंजेक्शने, जीवनसत्त्वे, वृषणाच्या फुगलेल्या शिरांवरील शस्त्रक्रिया असे उपाय वर्षानुवर्षे केले जात. मेंदूतील ग्रंथीकडून मिळणाऱ्या संप्रेरकांचीच कमतरता असलेल्या मोजक्या रुग्णांना औषधांचा निश्चित गुण येई, बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टर आणि रुग्ण दोघेही आशेवर चालत. खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे परक्या दात्याचे वीर्य. ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात हे १९४९ साली इंग्लंडमध्ये कळले होते, १९५३ साली अमेरिकेत गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्या होत्या, आणि त्यातून पुढे वीर्यपेढ्या उभ्या राहिल्या. हा मार्ग जवळजवळ सर्वत्र गुप्ततेने अनुसरला जाई. पुरुषाच्या वंध्यत्वाचा अभ्यास करणारी शाखाही दुबळीच राहिली होती, कारण मूल होत नाही म्हणून जोडपे जाई ते स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि तपासणी सुरू होई ती पत्नीपासून.

शुक्राणूला स्वतःहून आत जाता येत नसेल तर त्याला हाताने आत नेता येईल का, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनी वैद्यांच्या बराच आधी विचारला होता. त्यांचा हेतू मात्र उपचाराचा नव्हता. फलनात नेमके काय घडते हे त्यांना समजून घ्यायचे होते. १९६२ साली जपानमध्ये हिरामोतो यांनी अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यात सूक्ष्म सुईने जिवंत शुक्राणू सोडले, पण अंडे जागे झाले नाही आणि शुक्राणूही तसाच पडून राहिला. १९७६ साली हवाई विद्यापीठात उएहारा आणि यानागिमाची यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या स्त्रीबीजात शुक्राणू टोचले, तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यांचे रूपांतर केंद्रकांत झाले. सस्तन प्राण्यांत आवरणाशी एकरूप होण्याचा टप्पा वगळूनही पुढची प्रक्रिया सुरू होऊ शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. त्यावरून रोग्यांवर उपचार करण्याची कल्पना तेव्हा कोणी गंभीरपणे मांडली नाही, कारण टेस्ट ट्यूब बेबीचाच जन्म अजून व्हायचा होता.

१९८०च्या दशकात वैद्यांनी वाट धरली ती अधिक सावध होती. स्त्रीबीजाच्या आत न शिरता केवळ बाहेरच्या कवचाचा अडथळा दूर करायचा, असा तिचा रोख होता. १९८६ साली गॉर्डन आणि टॅलान्स्की यांनी उंदराच्या स्त्रीबीजाच्या कवचाला आम्लाच्या बारीक धारेने भोक पाडले. मानवी स्त्रीबीजाला हे आम्ल मानवले नाही, म्हणून अमेरिकेत अटलांटा येथे जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लाऐवजी काचेच्या सुईने कवचाला चीर दिली आणि १९८८ साली त्यातून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. त्याच वर्षी सिंगापूरच्या एस. सी. एन्ग यांच्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकून काही शुक्राणू थेट कवचाच्या आत, पण स्त्रीबीजाच्या स्वतःच्या आवरणाबाहेर सोडले आणि गर्भधारणा घडवली. या दुसऱ्या पद्धतीला ‘सुझी’ हे संक्षिप्त नाव पडले. दोन्ही पद्धतींत एकच पेच होता. शुक्राणू थोडे सोडले तर फलन होत नसे, आणि जास्त सोडले तर दोन-तीन एकदम आत शिरून भ्रूण निकामी होई; शिवाय ज्या शुक्राणूंना आतल्या आवरणाशी एकरूपच होता येत नव्हते त्यांना कवचाच्या आत नेऊनही उपयोग नव्हता.

मग सरळ आतच का टोचू नये? अमेरिकेतील नॉरफोक येथे सुझन लान्झेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मानवी शुक्राणू मानवी स्त्रीबीजात टोचून दोन केंद्रके तयार होतात हे दाखवलेही होते, पण त्यांनी तो प्रयोग तिथेच थांबवला आणि ती भ्रूणे कोणाच्या गर्भाशयात सोडली नाहीत. त्यामागचा संकोच समजण्यासारखा होता. एक तर सुईने स्त्रीबीज फुटून मरण्याची भीती होती. दुसरे म्हणजे असंख्य शुक्राणूंमधून एकाची जी निवड निसर्ग करतो, ती येथे तंत्रज्ञाच्या डोळ्यांवर सोपवली जाणार होती, आणि सदोष शुक्राणूतून सदोष मूल जन्मेल ही शंका कोणालाही येण्यासारखी होती.

ही कोंडी फुटली ती ब्रसेल्सच्या डच भाषिक मुक्त विद्यापीठात, आणि तीही ठरवून नव्हे. तेथील प्रजनन केंद्रात आंद्रे व्हान स्टीर्टेघेम प्रयोगशाळेची आणि पॉल देव्रॉय रुग्णोपचाराची बाजू सांभाळत होते, तर इटलीहून आलेले तरुण वैद्य जियानपिएरो पालेर्मो ‘सुझी’चे काम करत होते. कवचाच्या आत सुई सरकवताना कधी कधी ती जरा पुढे जाऊन स्त्रीबीजाच्या आवरणात घुसे आणि शुक्राणू थेट पेशीद्रवात पडे. असे स्त्रीबीज वाया गेले असे समजून सोडून देणे स्वाभाविक होते, पण पालेर्मो यांनी अशा स्त्रीबीजांवर लक्ष ठेवले आणि त्यांपैकी काहींत व्यवस्थित फलन झालेले त्यांना आढळले. अपघाताने घडलेली ही गोष्ट मग त्यांनी मुद्दाम करून पाहिली. या पद्धतीने गर्भधारणा झालेले पहिले मूल जानेवारी १९९२ मध्ये जन्मले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पालेर्मो, योरिस, देव्रॉय आणि व्हान स्टीर्टेघेम यांचा जेमतेम दोन पानांचा लेख आला. आधीचे सर्व उपाय फसलेल्या जोडप्यांच्या आठ उपचारचक्रांत ४७ स्त्रीबीजांत प्रत्येकी एकच शुक्राणू टोचला होता. त्यांपैकी ३८ शाबूत राहिली, ३१ चे योग्य फलन झाले, १५ भ्रूणे गर्भाशयात सोडली गेली आणि चार गर्भधारणा झाल्या. त्यांतून एक जुळे धरून चार निरोगी मुले जन्मली, तर एक गर्भधारणा अगदी आरंभीच संपली. स्त्रीबीजाच्या पेशीद्रवात शुक्राणू टोचण्याच्या या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले ‘इक्सी’ हे नाव पुढे जगभर रुळले. प्रजननवैद्यकात इतक्या लहान लेखाने इतका मोठा फरक क्वचितच केला असेल.

ही कृती वर्णनात सोपी वाटते. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी विकराने विरघळवून काढतात, एका बोथट काचनळीने स्त्रीबीज हलक्या शोषणाने धरून ठेवतात, आणि समोरून अवघ्या पाच-सहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहा पट, पोकळीच्या सुईतून शुक्राणू आत सोडतात. शुक्राणू दाट द्रावणात ठेवून मंदावलेला असतो, आणि टोचण्यापूर्वी सुईने त्याची शेपटी बशीच्या तळाशी दाबून त्याला निश्चल केले जाते. ही शेवटची पायरी आरंभी केवळ सोयीची वाटत होती. ती केल्याने फलन का वाढते हे कळायला दशक जावे लागले. शुक्राणूच्या आत एक प्रथिन असते, आणि ते पेशीद्रवात मिसळले की कॅल्शियमच्या लाटा उसळून स्त्रीबीज जागे होते. हे प्रथिन २००२ साली ओळखले गेले. शेपटी दाबताना शुक्राणूचे आवरण फाटते आणि ते प्रथिन बाहेर पडायला वाट मिळते.

येथे या इतिहासातील सर्वांत विलक्षण आणि थोडी अस्वस्थ करणारी बाब नोंदवली पाहिजे. नवा उपचार आधी प्राण्यांवर, मग माणसांवर हा वैद्यकाचा शिरस्ता असताना ‘इक्सी’च्या बाबतीत क्रम बराचसा उलटा झाला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांचा हुकमी प्राणी म्हणजे उंदीर. त्याच्या स्त्रीबीजात नेहमीच्या सुईने शुक्राणू टोचला की ते फुटून मरे, आणि खास कंप पावणारी सुई वापरून किमुरा आणि यानागिमाची यांना उंदराची पिल्ले मिळवता आली ती १९९५ साली, म्हणजे ब्रसेल्सच्या पहिल्या मुलानंतर तीन वर्षांनी. मानवी स्त्रीबीज उंदराच्या स्त्रीबीजापेक्षा सुई जास्त सोसते हे सुदैव. उंदरांवरील पुराव्याची वाट पाहिली असती तर हजारो जोडप्यांना आणखी काही वर्षे निपुत्रिक राहावे लागले असते हे खरे. पण सुरक्षिततेची चाचणी माणसाच्या मुलांवरच झाली, हेही तितकेच खरे.

एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो हे सिद्ध झाल्यावर तो आणायचा कोठून हा पुढचा प्रश्न होता. ज्या पुरुषांच्या वृषणात शुक्राणू तयार होतात पण बाहेर येण्याची वाट बंद असते, त्यांच्या वृषणाला चिकटलेल्या अधिवृषण नावाच्या गुंडाळलेल्या नळीतून शुक्राणू शोषून घेण्याचा प्रयत्न आधीच झाला होता, आणि १९८५ साली मेलबर्नच्या एका गटाने अशा शुक्राणूंपासून झालेली गर्भधारणा जाहीर केली होती. अमेरिकेतील सेंट लुईसचे शल्यचिकित्सक शर्मन सिल्बर यांनी ही शस्त्रक्रिया पुढे नेली, पण हे शुक्राणू अर्धवट पिकलेले असल्याने बशीत त्यांच्याकडून फलन क्वचितच होई. ब्रसेल्सशी त्यांचे सहकार्य सुरू झाले आणि ‘इक्सी’ हाती आली, तशी परिस्थिती पालटली. १९९३ मध्ये तर शॉइसमन यांच्या गटाने थेट वृषणाच्या ऊतीतून काढलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा घडवली. शुक्राणूने पिकण्यासाठी अधिवृषणातून प्रवास केलाच पाहिजे, ही पाठ्यपुस्तकांतील समजूत निदान या उपचारापुरती तरी गळून पडली.

अधिक अवघड होते ते वाट मोकळी असूनही वृषणातच उत्पादन थांबलेले पुरुष. अशा वृषणांत सर्वत्र ओसाडी असली तरी एखाददुसऱ्या नलिकेत तुरळक शुक्राणू बनत असतात असे दिसून आले, पण ती नलिका सापडणे नशिबावर होते, आणि शोधासाठी मोठे तुकडे कापल्याने उरलेल्या वृषणाची हानी होई. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात पीटर श्लेगेल यांनी १९९९ साली शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून फुगीर व पांढुरक्या दिसणाऱ्या नलिकाच तेवढ्या निवडण्याची पद्धत मांडली. तिने शुक्राणू सापडण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, आणि काढाव्या लागणाऱ्या ऊतीचे सरासरी वजन ७२० मिलिग्रॅमवरून ९.४ मिलिग्रॅमवर आले. याच विद्यापीठात पालेर्मोही ब्रसेल्सहून येऊन दाखल झाले होते. पुरुषांत एक्स गुणसूत्र जास्तीचे असलेल्या, आणि पूर्वी ठामपणे असाध्य मानल्या गेलेल्या क्लाइनफेल्टर या विकाराच्या रुग्णांनाही १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची मुले होऊ लागली.

एवढे यश आल्यावर कारणांचा शोध मागे पडला. शुक्राणू का कमी आहेत हे न कळताही मूल होत असेल तर ते कळून घेण्याची निकड कोणाला वाटणार? तरीही जे थोडे संशोधन झाले त्याने या उपचाराची दुसरी बाजू समोर आणली. १९७६ सालीच इटलीत टिएपोलो आणि झुफार्डी यांनी शुक्राणुहीन अशा सहा पुरुषांच्या वाय गुणसूत्राचे टोक तुटलेले पाहिले होते. १९९५ साली अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या गटाला वीर्यात शुक्राणू नसलेल्या ८९ पुरुषांपैकी १२ जणांच्या वाय गुणसूत्रातून एक ठरावीक तुकडा गायब असल्याचे आढळले. वाय गुणसूत्र पित्याकडून मुलग्याकडे जसेच्या तसे जाते. निसर्गात असा दोष त्या पुरुषापाशीच संपतो. ‘इक्सी’ने त्याला पुढच्या पिढीत जाण्याची वाट मिळाली, आणि वडिलांचे तुटके वाय गुणसूत्र घेऊन जन्मलेल्या मुलग्यांची नोंद पेज आणि सिल्बर यांनी १९९९ मध्ये केलीच. त्याचप्रमाणे जन्मतः दोन्ही शुक्रवाहिन्या नसलेले पुष्कळ पुरुष सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या गंभीर आनुवंशिक विकाराच्या जनुकाचे वाहक असतात, म्हणून उपचारापूर्वी पत्नीचीही जनुकीय तपासणी करण्याची शिफारस होऊ लागली.

ब्रसेल्सच्या गटाचे श्रेय असे की त्यांनी दोष मुलांत उतरण्याची शंका झाकली नाही. जनुकीय सल्ला, गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी आणि जन्मानंतर मुलांचा पाठपुरावा या गोष्टी त्यांनी आरंभापासून उपचाराशी जोडल्या आणि मारीज बॉन्डुएल यांनी ते काम दशकानुदशके चालवले. गर्भात नव्याने उद्भवणाऱ्या गुणसूत्रदोषांचे प्रमाण त्यांना सुमारे १.६ टक्के आढळले, जे सर्वसाधारण गर्भांत साधारण अर्धा टक्का असते; जन्मजात व्यंगांचे प्रमाणही वाढलेले असल्याचे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांनी दाखवले, मात्र त्यात दोष सुईचा किती आणि आईवडिलांच्या मूळ वंध्यत्वाचा किती हे वेगळे काढणे कठीण राहिले. बहुसंख्य मुले निरोगी वाढली. पहिल्या पिढीतील मुलगे १८ ते २२ वर्षांचे झाल्यावर त्यांपैकी ५४ जणांच्या वीर्याची तपासणी झाली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात दर मिलिलिटरमागे १.७७ कोटी शुक्राणू होते, तर नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या समवयस्कांत ३.७ कोटी. वडिलांचा दोष जसाच्या तसा प्रत्येक मुलात उतरला नव्हता, पण वारसा दिसत होता.

दरम्यान हा उपचार त्याच्या मूळ कारणापासून सुटून सैलपणे पसरला. अमेरिकेत १९९६ साली बशीतील फलनाच्या ३६.४ टक्के चक्रांत ‘इक्सी’ वापरली जाई, २०१२ पर्यंत ते प्रमाण ७६.२ टक्के झाले, आणि पुरुषाकडे दोष नसलेल्या जोडप्यांत तर ते १५.४ टक्क्यांवरून ६६.९ टक्क्यांवर गेले. अशा जोडप्यांना त्याचा लाभ होतो का, हे व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरात १०६४ जोडप्यांवर तपासले गेले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जिवंत बालक जन्मण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. फलन अजिबात न होण्याची भीती आणि जास्तीच्या शुल्काचा मोह या दोन्हींचा या प्रसाराला हातभार लागला असावा. शिवाय दोष पतीचा असला तरी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने पत्नीलाच घ्यावी लागतात, स्त्रीबीजे तिच्याच बीजकोशांतून सुईने काढली जातात आणि बीजकोश अतिरिक्त फुगण्याचा धोकाही तीच पत्करते. ‘इक्सी’ने पुरुषाला पितृत्व दिले, उपचाराचा भार मात्र पूर्वीपेक्षाही अधिक स्त्रीवर टाकला.

भारतात या तंत्रासाठी जमीन आधीच तयार होती. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, पण सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात झालेल्या जन्माची शास्त्रीय नोंद व्यवस्थित झाली. मुखोपाध्याय यांचे श्रेय पुढे आनंद कुमार यांनीच जाहीरपणे मान्य केले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘इक्सी’ मुंबईत पोहोचली आणि नंतर महाराष्ट्रातील लहान शहरांतही तिची केंद्रे निघाली. सर्वांत स्वस्त आणि सोपी असलेली वीर्यतपासणी मात्र आजही अनेक घरांत सर्वांत शेवटी होते, तोवर पत्नीच्या अनेक तपासण्या आणि नवससायास उरकलेले असतात.

केंद्रांवर कायद्याचे नियंत्रण यायला २०२१ उजाडले. त्या वर्षीच्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियमाने केंद्रांची आणि पेढ्यांची नोंदणी सक्तीची केली, आणि उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी २१ ते ५० व पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली. वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही ज्यांच्याकडे एकही शुक्राणू मिळत नाही अशांची संख्या मोठीच आहे, आणि त्यांच्यापुढे परक्या दात्याच्या वीर्याचा, १९९२ पूर्वीचाच मार्ग उरतो. तो मार्गही या कायद्याने बदलला आहे: वीर्य आता नोंदणीकृत पेढीकडूनच घ्यावे लागते, दाता २१ ते ५५ वयाचा असावा लागतो, आणि एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही, त्यामुळे पेढ्यांना पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक दाते शोधावे लागतात.